अर्ध्या मिलिमीटरचं भोक

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय सुचवला होता ‘अमेरिकेतली माझी वाटचाल’. मी म्हटलं, वाटचाल सगळ्यांचीच झाली आहे, कुणाची न्यू जर्सीत, कुणाची नाशकात. त्यापेक्षा मी माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीबद्दल बोलू का? फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, “बोल, पण पंधरा मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे,” असं उत्तर मिळालं. तेव्हा पंधरा मिनिटांत आटपते.

विषय विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. ती गाडी दुरुस्त करताना मला सारखी आपली प्रयोगशाळा आठवत होती. आणि सरांना एक गोष्ट सांगायची गेली तीस वर्षं राहून गेली आहे. ते समोरच्या रांगेत बसलेत, म्हणून जरा भीतीही वाटते आहे.

गाडी २००८ सालची, जपानी बनावटीची, रंग उडालेली, पण इंजिन ठणठणीत. २०२१ च्या पावसाळी, थंड ऑक्टोबरमध्ये तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. त्यात वीस डॉलरचं एक यंत्र लावलं की गाडीचा संगणक आपली तक्रार सांगतो. माझ्या गाडीची तक्रार होती ‘पी०४५६’. म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या मार्गात अतिशय लहान गळती. अतिशय लहान म्हणजे किती? अर्ध्या मिलिमीटरचं भोक. मुलांच्या खटक्याच्या पेन्सिलीत जी ०.५ ची शिसाची कांडी घालतो ना, तेवढं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भोकाची एवढी काळजी कशाला? मलाही आधी तसंच वाटलं.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते, उन्हात तर फारच. पूर्वी ही वाफ सरळ हवेत सोडून देत. पुढे लॉस एंजेलिसवर धुरकं साचायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले. ते कशामुळे, हे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमाराला दाखवून दिलं. पेट्रोलची वाफ आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांची उन्हात प्रक्रिया होते आणि त्यातून ओझोन तयार होतो. वर आकाशात असलेला ओझोन आपला रक्षक, पण जमिनीलगतचा फुप्फुसाला घातक. मग कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या देशात १९७१ च्या मॉडेलपासून नियम आला की टाकीची वाफ बाहेर सोडायची नाही.

त्यासाठी केलेली योजना मला फार आवडते. टाकीची वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसाच हा दाणेदार सक्रिय कोळसा, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की एक झडप उघडते, इंजिनाच्या ओढीने डब्यातून हवा खेचली जाते आणि धरलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. काही वाया जात नाही. आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही असा डबा असतो, बोनेट उघडून बघा.

आता हा सगळा मार्ग गळत नाही ना, हे गाडी स्वतःच तपासते. इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडी निर्वात स्थिती करायची, दोन्हीकडच्या झडपा बंद करायच्या, आणि दाब मोजत बसायचं. दाब हळूहळू पूर्ववत होऊ लागला की कुठून तरी हवा आत येते आहे, हे नक्की.

आपल्या शाळेच्या फाटकासमोर पंक्चरवाले काका बसायचे, आठवतात? ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवायचे आणि फिरवत फिरवत बुडबुडे कुठून येतात ते बघायचे. माझ्या गाडीच्या संगणकाची अवस्था घमेलं नसलेल्या काकांसारखी. ट्यूब बसते आहे हे त्याला कळतं, कुठे, ते कळत नाही. ‘पी०४५६’ हे दुखण्याचं नाव आहे, जागेचं नाही. हा फरक पुढे मला बराच महाग पडला.

पण त्याआधी माझा गुन्हा.

न्यू जर्सीत गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. पिवळा दिवा लागलेला असला की गाडी नापास. माझी तारीख तीन आठवड्यांवर आली होती, कंपनीत नवीन आवृत्ती बाहेर पडायची होती, घरी सासूबाईंची तब्येत बरी नव्हती. आणि त्या वीस डॉलरच्या यंत्रावर ‘पुसा’ असं एक बटण होतं.

पुसलं की दिवा विझतो. पण त्याबरोबर गाडीने केलेल्या सगळ्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि त्या पुन्हा व्हाव्या लागतात. तपासणीवाले तेही बघतात. मात्र २००१ नंतरच्या गाड्यांना एक चाचणी अपुरी असली तरी चालते. वाफेची चाचणी सगळ्यांत उशिरा होते, कारण तिला अटी फार. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली हवी, हवामान फार गरम किंवा फार गार नको, आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे भरलेली हवी. म्हणजे टाकी काठोकाठ भरून ठेवली की ती चाचणी होणारच नाही! मी टाकी भरून ठेवली. चार दिवस गाडी चालवून बाकीच्या चाचण्या पूर्ण करून घेतल्या, आणि गेले. गाडी पास. काचेवर नवीन स्टिकर. नियमाच्या अक्षराला कुठेही धक्का नाही. दहा दिवसांनी दिवा पुन्हा लागला, आणि मला त्याची सवय झाली.

त्या दिवशी तपासणीच्या रांगेतून बाहेर पडताना मला काय आठवलं असेल? दहावीतला ओहमचा नियम. बाकावरच्या मैत्रिणीने आणि मी (ती समोर बसली आहे, नाव घेत नाही, पण ती आत्ता हसते आहे) प्रयोग अर्ध्यावर सोडला होता, कारण बाहेर खो-खोचा सामना होता. जर्नलमध्ये पाच वाचनं लिहिली. व्होल्ट भागिले अँपिअर, पाचही वेळा उत्तर बरोब्बर दहा ओहम. सरांनी तक्ता पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पाचही सारखी? आपल्या शाळेचा ॲमीटर इतका चांगला नाही गं.” एवढंच. सही करून वही परत दिली. ओरडले असते तर मी विसरून गेले असते.

सर, प्रयोग आम्ही केला नव्हता. दोन वाचनं खरी होती, तीन मनची. हे आज सांगते.

असो. गाडीकडे येते. २०२३ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. मुलगी सतरा वर्षांची होत आली, तिला लायसन्स मिळणार होतं आणि ही जुनी गाडी तिला द्यायची असं आम्ही ठरवलं होतं. आणि आमच्या गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. नेहमी नाही. टाकी भरून आणली की त्या रात्री.

आमचं गॅरेज घराला चिकटून आहे. त्याच्या भिंतीपलीकडे, झडपांच्या दाराच्या खोलीत, गॅसवर चालणारा पाण्याचा बंब आहे आणि त्यात बारकी ज्योत चोवीस तास पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते, दाराच्या फटीखालून जाते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी ती पेट घेऊ शकते. दिव्याची सवय मी करून घेतली होती, वासाची मात्र होऊ शकली नाही. त्या रात्रीपासून गाडी बाहेर, अंगणातल्या उतारावर.

एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने कोड वाचला आणि गाडी न उचलता सांगितलं, कोळशाचा डबा बदलावा लागेल, सगळे मिळून आठशे डॉलर. मी विचारलं, डबाच गळतो आहे हे कशावरून? तो म्हणाला, साधारणपणे तोच असतो. मी गाडी परत आणली.

आणि मग स्वतः तेच केलं! पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदललं, कारण साधारणपणे तेच असतं. दोष पुसला. बारा दिवस दिवा लागला नाही. मी घरी पेढे वाटायचीच बाकी होते. तेराव्या दिवशी लागला. मग इंजिनाजवळची झडप बदलली, पन्नास डॉलर. पुन्हा अकरा दिवस शांतता, मग पुन्हा दिवा.

तेव्हा मी एक वही घातली. आपली साधी दोनशे पानी, इथूनच नेलेली. रोज सकाळी तारीख, बाहेरचं तापमान, टाकी किती भरलेली, आणि यंत्रावर वाफेची चाचणी ‘झाली’ की ‘झाली नाही’. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. माझं ऑफिस घरापासून जवळ आहे आणि टाकी पाऊण झाली की भरायची ही माझी सवय. त्यामुळे ती बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वरच. म्हणजे त्या बारा दिवसांत गाडी बरी झाली नव्हती, तिची तपासणीच झाली नव्हती. शिवाय चाचणीत सलग दोनदा नापास झाल्यावरच दिवा लागतो, त्याचे दिवस वेगळे. माझा धंदाच संगणकाच्या चाचण्या लिहिण्याचा. चाचण्यांच्या यादीत सगळं हिरवं दिसलं तर आधी बघायचं की चाचण्या चालल्या तरी का, हे मी नव्या मुलांना शिकवते. स्वतःच्या अंगणात मात्र दोन महिने मला ते सुचलं नाही.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, उदबत्ती लावून धर की नळीपाशी. धूर कुठे हलतो ते बघ.” मी किंचाळलेच. पण गंमत म्हणजे कल्पना अगदी बरोबर होती, फक्त विस्तव नको होता.

धुराचंच यंत्र असतं. त्यात खनिज तेल तापवून पांढरा दाट धूर करतात आणि तो अगदी कमी दाबाने गाडीच्या वाफेच्या मार्गात सोडतात. कमी म्हणजे अर्ध्या पीएसआयच्या आसपास. टायरमध्ये आपण बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज करा. जास्त दाब दिला तर चांगल्या नळ्याही निखळतील. हे घरी करायचं काम नाही, युट्यूबवर डबे-पंप जोडून करणारे लोक दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. मी असं यंत्र असलेलं एक छोटं गॅरेज शोधून काढलं. मालक साठीचा, बोलणं कमी. मी वही दाखवली. त्याने ती पानं उलटून वाचली, याचंच मला बरं वाटलं. टाकी निम्मी ठेवून ये, असं त्याने सांगितलं.

गाडी लिफ्टवर गेली. धूर सोडला. आम्ही दोघं टॉर्च घेऊन खाली. पाच मिनिटं काहीच नाही. डबा कोरडा, नळ्या ठीक, टाकीवरच्या पंपाची कडा ठीक. मला वाटलं, आजच नेमकी गळत नाही. त्याने मागच्या चाकावरचं काळं प्लास्टिकचं आवरण काढलं. आत मूठभर चिखल, पानं, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा पांढरा थर. त्यामागून टाकीच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी पेट्रोल भरायची लोखंडी नळी जाते. तरीही धूर नाही. मग त्याने त्या नळीला हाताने हलकेच हलवलं. गंजाचा एक पोपडा सुटून खाली पडला आणि पट्टीच्या वरून धुराची एक रेघ निघाली. उदबत्तीची निघते तशीच, अगदी सरळ.

पोपडा आणि ओला चिखल मिळून ते भोक कधी बुजवत होते, कधी उघडं ठेवत होते. वास कधी यायचा, कधी नाही, त्याचं कारण हे. आणि टाकी भरलेली असली की पेट्रोल त्या नळीच्या जवळ येतं, म्हणून वास त्या रात्री. दोन वर्षांची वाट बघणं, दोन चुकीचे सुटे भाग, आठशे डॉलरचा अंदाज, आणि उत्तर प्लास्टिकच्या मागे. त्याने शंभर डॉलर घेतले आणि म्हणाला, नळी तू स्वतः बदलू शकशील, पण टाकी जवळजवळ रिकामी करून घे, आणि उघड्यावर कर.

एका रविवारी ते काम केलं. मुलगी मदतीला होती. तिचीच गाडी होणार, तेव्हा तिनेच पाने फिरवायचे असा करार. गाडी बाहेर, बॅटरीची तार काढलेली, अग्निशामक नळकांडं हाताशी, आणि आजूबाजूला कुणी सिगारेट ओढणार नाही यावर आईची देखरेख. वर तोंडाशी तीन बोल्ट, खाली दोन रबरी नळ्या पट्ट्यांनी आवळलेल्या. ऐकायला अर्ध्या तासाचं काम. गंजामुळे पाच तास लागले. एक बोल्ट तुटला, तो ड्रिलने काढला, तोही नळी काढून टाकीचं तोंड बंद केल्यावर, गाडीपासून लांब नेलेल्या पट्टीतून. टाकीच्या उघड्या तोंडात गंज पडू नये म्हणून आधी फडकं कोंबलं होतं. शेवटी ते काढायला मी विसरले असते, मुलीने आठवण केली.

त्या संध्याकाळी मी दोष पुसला आणि मुलीने विचारलं, “आता झालं?” मी म्हटलं, नाही, आता फक्त पाटी कोरी केली. वही पुढे चालू. टाकी मुद्दाम निम्मी ठेवली. सकाळी सात वाजता, थंड गाडी. नवव्या दिवशी यंत्रावर वाफेच्या चाचणीपुढे ‘पूर्ण’ आलं आणि दोष आला नाही. मी आणखी दोनदा होऊ दिली. गाडी गॅरेजात घेतली, रात्री दोनदा उठून दारापाशी वास घेतला. काही नाही.

एक घरगुती सूचना इथे देऊन टाकते, कारण समोर बरेच गाडीवाले दिसतायत. पंपावर नोझल ‘टक’ करून थांबलं की थांबा. राउंड फिगर करायला वरून आणखी थेंब थेंब ओतून घेतलं की पातळ पेट्रोल वाफेच्या मार्गाने कोळशाच्या डब्यात जातं आणि डबा खराब होतो. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. तोही राउंड फिगर करायला बघतो. माणूस सगळीकडे सारखाच.

त्याच ऑक्टोबरात तपासणीची तारीख आली. टाकी निम्मी, सगळ्या चाचण्या पूर्ण. तपासणी करणाऱ्या मुलाने सॉकेटमध्ये तार लावली, दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि स्टिकर चिकटवलं. दोन वर्षांपूर्वी मिळालं होतं अगदी तसंच.

ती जुनी नळी मी टाकली नाही. विमानात आणता आली नसती, म्हणून तिचा फोटो मोठा छापून आणला आहे. भोकाभोवती मुद्दाम गोल केलेला नाही. पुढच्या रांगेपासून मागच्या बाकांपर्यंत जाऊ द्या आणि शोधा. आधी सरांकडे द्या. सर, चष्मा वर करून बघा, पट्टीच्या जरा वर, डावीकडे... नको, सांगत नाही.